न बोललेला फुलटोच्या

माझे थोरले बंधू मालोजी यांना उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येत नाहीत. हे माझे मत नव्हे; बदलापूरच्या तपासणीत निघालेला आलेख तसे सांगतो. भारद्वाजाचा घुमारा किंवा तांबटाची टुकटुक त्यांना स्वच्छ ऐकू येते, कारण ते ध्वनी खालच्या पट्टीतले. शिंजीर, फुलटोच्या या चिमुकल्या पक्ष्यांची किणकिण मात्र त्यांच्यापुरती बंद झाली, आणि तिच्याबरोबर भागूवहिनींचा बारीक आवाजही. डॉक्टरांनी कानाचे यंत्र सुचवले. यंत्र म्हाताऱ्यांनी लावावे, असे सत्तरीला टेकलेल्या दादांचे उत्तर होते.

त्याऐवजी ते दर रविवारी भिसेगावातून निघून कशेळ्याजवळच्या एका फार्महाउसवर जाऊ लागले. तिथे ऋषिकेश नावाचा गृहस्थ पक्ष्यांची गाणी ऐकवून मंदावलेले कान जागे करतो. पूर्वी तो खालापुरात प्लॉट विकत असे. विकण्याची वस्तू बदलली, एवढेच. पद्धत अशी: सर्वांनी आंब्याखाली ओळीने बसायचे, पक्षी ऐकू आला की हात वर करायचा, मग ऋषिकेश त्याचे नाव जाहीर करणार. सुरुवात नेहमी भारद्वाजाने होते, म्हणजे पहिल्याच हाताला सगळे उत्तीर्ण.

कानाच्या आतल्या नष्ट झालेल्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत, हे मी दादांना समजावले. मी आयुष्यभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवले आहे. पुस्तकी माणसांना निसर्ग कळत नाही, असे म्हणून त्यांनी ती पात्रता माझ्याच विरुद्ध वापरली.

शिबिरात घरचा सरावही दिला होता: रोज सकाळी ओट्यावर डोळे मिटून पक्षी ऐकायचे. असाच सराव चालू असताना वहिनी मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाशी घसरून पडल्या. मनगट मोडले. त्या हाका मारत राहिल्या आणि अखेर शेजारची सुरभी कुंपण ओलांडून आली. दादा तेव्हाही ओट्यावरच होते. आज शिंजीर फार सुंदर गायला, असे त्यांनी तिला सांगितले.

प्लास्टर घालून आल्यावर वहिनींनी, लेक हर्षला हिच्याकडे पुण्याला कायमचे जायचे ठरवले. मी थोडी मुदत मागून घेतली. माझी समजूत अशी होती की पुरावा दाखवला की माणूस मत बदलतो.

त्या रविवारी मी शिबिरात पहिल्या ओळीत बसले. भारद्वाज झाला, तांबट झाला. मग झाडावर पूर्ण शांतता असताना मी हात वर केला. क्षणभरात मागे बांगड्या वाजल्या, कपडे सळसळले. वळून पाहिले तर सगळी ओळ हात उंचावून बसली होती; दादांचा हात सर्वांत ताठ.

“फुलटोच्या,” ऋषिकेश गंभीरपणे म्हणाला. “फार नाजूक असतो. प्रत्येकाच्या नशिबात नसतो.”

मी तोच प्रयोग पुन्हा केला, आणि न बोललेला फुलटोच्या पुन्हा सर्वांना ऐकू आला. माझ्या शेजारच्या बाईंनी तर डोळे पुसले.

परतताना जीपमध्ये मी दादांना सगळे क्रमवार सांगितले. त्यांनी माझ्याकडे खरोखरच्या काळजीने पाहिले.

“तुला ऐकू आला नाय? मग तुजेच कान गेलेत गं. तूबी येत जा.”

पुराव्याचे काम तिथे संपले.

घरी वहिनी पिशवी भरत होत्या. त्या दादांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या, ओठ दिसतील अशा.

“पाखरू ऐकू येऊ दे, नायतर नको येऊ दे. मी पडले तर तुमाला कळाया हवं. नाय कळणार, तर मी पोरीकडंच बरी.”

दुसऱ्या दिवशी दादांनी मला बदलापूरला चलण्यास सांगितले. अट एकच: शिबिरात कुणाला कळता कामा नये. यंत्र आले, वहिनींनी पिशवी रिकामी केली.

त्यानंतरच्या रविवारी दादा कानांवर माकडटोपी ओढून आंब्याखाली बसले. मी पुन्हा सोबत होते. थोड्या वेळाने वरच्या बांडगुळातून खराखुरा फुलटोच्या चिकचिकला आणि दादांनी हात वर केला. या वेळी बाकीच्यांचे हात मागाहून वर गेले. ऋषिकेशने दादांना पुढे बोलावले, इतक्या कमी काळात असे कान जागे झालेले आपण पाहिले नाहीत, असे सांगितले, आणि टाळ्या वाजवायला लावल्या. दादांनी त्या स्वीकारल्या.

मी उठून टोपी काढू शकले असते. पण यंत्र चारचौघांत उघडे पडले असते तर दादांनी ते त्याच दिवशी कपाटात ठेवले असते, आणि वहिनी पुण्याला गेल्या असत्या. मीही टाळ्या वाजवल्या. खोट्या निष्कर्षाला मी दिलेली ही पहिलीच मान्यता.

ऋषिकेशने आता बुधवारचीही तुकडी सुरू केली आहे. दादांच्या मते कान शिबिराने उघडले आणि यंत्र फक्त सोबतीला आहे. मी वाद घालत नाही. परवा मी त्यांच्या ओट्यावर चहा घेत होते. वहिनींनी मागच्या अंगणातून नेहमीच्या आवाजात हाक मारली. दादा म्हणाले, “आलो गं,” आणि वाक्य अर्धवट सोडून आत गेले.