जावईबापूंचा शांतीचा खडा

आमच्या जावईबापूंची एक वाईट खोड आहे. जे स्वतःला कळत नाही, ते दुसऱ्याला समजावून सांगायचं. नोकरी सोडून इथे राहायला आले तेव्हा मी अवाक्षर काढलं नाही. दमला असेल, म्हटलं. पण दमलेल्या माणसाने पडून राहावं की नाही? हे गृहस्थ दोन दिवसांच्या कसल्याशा शिबिराला गेले आणि ज्ञानी होऊन परतले.

आमचा कपबशांचा कारखाना. मागच्या शेडमध्ये जांभळट अभ्रकाचे दगड पोत्यांनी येऊन पडतात. रंग कसा, तर धुऊन धुऊन विटलेल्या जांभळ्या ओढणीसारखा. वर चमचम, पण नखाने टोकरलं तरी खवले निघतात. ते दळायचे, भुकटी झिलईत मिसळायची, म्हणजे झिलई कमी आचेवर वितळून कपावर गुळगुळीत बसते. सासऱ्यांच्या काळापासून आम्ही हा दगड वापरतो. हात जोडावेत असं काही आम्हाला त्यात दिसलं नव्हतं.

जावयाला दिसलं.

"आई, हा शांतीचा खडा आहे. उशीखाली ठेवला की झोप लागते. राग निवतो. जुनी दुःखं गळून पडतात."

"दुःखांचं माहीत नाही बापू, खवले मात्र गळतात. तुमची चादर झटकली तर अंगणभर चमकी झाली."

खड्याला झळाळी आणायला बसले, तर तो कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्याने सुटायला लागला. शेवटी माझ्या लेकीचं नखांना लावायचं पॉलिश फासलं तेव्हा कुठे शांती चकाकली. लोक विकत घ्यायलाही लागले. घेईनात का! उशीखाली दगड ठेवून कुणाला झोप लागत असेल तर माझ्या बापाचं काय जातं?

पण मग त्यांनी आमच्या भाऊजींना गाठलं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. झिलई कालवावी तर त्यांनीच. त्यांचं मन कधी आभाळाला टेकतं, कधी विहिरीत उतरतं. म्हणून डॉक्टरांनी कायमच्या गोळ्या दिल्यात, मधूनमधून रक्त तपासतात. मागे एकदा गोळ्या सुटल्या होत्या तेव्हा गच्चीच्या कठड्यावर उभे राहून वाऱ्याशी भांडत होते. मी पाय धरून खाली ओढलं. ते दृश्य मी पाहिलंय, जावयाने नाही.

"काका, तुमच्या गोळीत लिथियम असतं ना? तेच या खड्यात आहे. निसर्गाने दिलेलं. मग रसायनं कशाला पोटात घालता?"

"लोखंड खिळ्यातही असतं," मी म्हटलं, "म्हणून बाळंतिणीला खिळे चोखायला देतात का?"

पण भाऊजींना जावई आवडतो. आमच्या घरात त्यांच्याजवळ बसून, त्यांना शहाणा माणूस समजून बोलणारा तो एकटाच. ते माझ्या लक्षात आलं आणि झोंबलंही. त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि खडा गळ्यात बांधला.

थोडे दिवस नुसता आनंदीआनंद. भाऊजी गातायत, पहाटेपासून कामाला जुंपलेत, डोळ्याला डोळा नाही. जावई गिऱ्हाइकं आणून दाखवायचे, "पाहा, काका किती उत्साही झालेत!" आग लागलेल्या घराला रोषणाई म्हणण्यातला प्रकार. मी डॉक्टरांचं नाव काढलं की भाऊजी हसून पळायचे.

मग दोघांनी मिळून शांतीच्या कपांची टूम काढली. ज्या माणसाने आयुष्यात चिमूटभर भुकटी इकडची तिकडे होऊ दिली नाही, त्याने पोतंच्या पोतं झिलईत ओतलं. भट्टी उघडली. जांभळा रंग आगीत केव्हाच उडाला होता आणि कपांवर देवी आल्यासारखे फोड. जावई एक कप उचलून म्हणतात, "ही आतली ऊर्जा बाहेर आलीये."

भाऊजी टाळ्या पिटत होते. आपलं काम नासलंय हे त्यांना दिसतच नव्हतं.

दुपारी पानं वाढली. जावयांना रक्तदाबाची गोळी लागते, ती लेक ताटाशेजारी काढून ठेवते. मी ती उचलली आणि तिथे जांभळा खडा ठेवला.

"आई, माझी गोळी?"

"समोर आहे की. निसर्गाने दिलेली."

"थट्टा नको हं. गोळी चुकली की मला गरगरतं." ताट सरकवलं, पाट उचलला, माझ्या लेकीवर खेकसले, "कुठे ठेवलीस? एक दिवससुद्धा चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय मला!"

भाऊजींचा घास हातातच राहिला. ते जावयाकडे वळले.

"मलाही बजावलं होतं रे," ते म्हणाले. "तू म्हणालास, गरज नाही."

भाऊजींनी गळ्यातला दोरा काढला. गाठ सुटेना, मी सोडवली.

"वहिनी, मला घेऊन चला डॉक्टरांकडे. आत्ताच. थोड्या वेळाने मी परत नाही म्हणेन."

ते चपला घालायला गेले तेव्हा मी जावयाच्या हातावर त्याची गोळी ठेवली.

"घ्या, गिळा. दगड विका, नाहीतर वारा विका, मी आडवी येणार नाही. पण स्वतःच्या जिवाला गोळी आणि माझ्या दिराच्या जिवाला खडा? तुम्ही मूर्ख असतात तर मी माफ केलं असतं, बापू. तुम्ही भित्रे आहात, आणि तेही फक्त स्वतःपुरते. आता गाडी काढा, त्यांच्या शेजारी बसा आणि तुम्ही काय सांगितलंत ते डॉक्टरांना तुमच्या तोंडाने सांगा. मी ऐकायला येतेय."