कवी माहीत न्हाई

शिवऱ्याला हायवेच्या कडंला एक फ्लेक्स लागलाय बगा, त्याच्यावर आमचं सोमेश्वरबुवा हायती. पांढरा फेटा, कपाळाला गंध, आनि एक हात वर, जनू आभाळ ह्यांनीच धरलंय. खाली मोठ्या अक्षरात 'मातीचा हुंकार'. त्यो त्यांचा नवा अल्बम. हुंकार म्हंजी काय ते बुवाला तरी ठावं हाय का, द्येव जाने. आनि मातीचं म्हनाल तर ह्या मानसानं जल्मात पाटी उचलली न्हाई. शेनाची पाटी दिसली की ह्यांची कंबर धरायची.

आवाज व्हता. न्हाई कशाला म्हनू. भोर-वेल्ह्यातली एक जत्रा त्यांच्याबिगर व्हत नव्हती. पन आता सत्तरी उलटली, दात गेलं, आनि दात गेल्यावर नातवानं त्यांना ष्टुडिओत नेलं. नसरापुरात एका दुकानाच्या वरती एक खोली हाय, भिंतीला अंड्याचं ट्रे चिकटवल्यालं. त्याला ष्टुडिओ म्हनत्यात.

आनि गानी कुनाची? गानी आमच्या धन्याची. म्या पारूबाई, भोंगवलीची. आमचं धनी बुवांच्या मागं तुनतुनं घेऊन उबं ऱ्हायचं, त्यामुळं लोकांना वाटायचं हा नुसता तुनतुन्याचा मानूस. पन बुवांच्या तोंडातला एकूनएक शब्द ह्यांचा. म्हशीची धार काढता काढता गुनगुनायचं, चरवी भरंपतूर एक कडवं तयार. लिवता येत नव्हतं. सांजच्याला बुवा यायचं, ओसरीवर बसायचं, माज्या हातचा चा प्यायचं आनि ऐकून ऐकून पाठ करायचं. ह्यांचं नाव व्हतं ते एकाच जागी, दर गान्याच्या शेवटच्या कडव्यात. रीतच हाय तशी, ज्यानं गानं केलं त्यानं शेवटी आपलं नाव घालायचं. हे जाऊन सा वर्सं झाली. मूलबाळ आमाला न्हाई. ते कडवं तेवढं मागं ऱ्हायलं.

तर परवा शेजारची बनाबाई मोबाईल घेऊन आली. म्हनली, "पारूबाई, ऐक, तुमचं घाटाचं गानं आलंय. एकच सोडलंय, बाकीची रविवारी सोडनार, मोठा कार्यक्रम ठेवलाय."

ऐकलं. सुरवातीला एक बासरी, मांजराचं शेपूट दारात सापडल्यागत. मग ढोल, त्योबी खरा न्हाई, मशीनमधला. मग बुवा. आता ह्या गान्यात काय हाय, एक गाडीवान घाट चढताना बढाया मारतोय. माजी गाडी अशी, माजा चाबूक असा, ह्यो घाट म्हंजी माज्या डाव्या हातचा मळ. अशी चार कडवी. आनि शेवटच्या कडव्यात गाडी अडती आनि बैल त्याला असं उत्तर देतो की जत्रेत लोक पोट धरून हसायचं. आख्खं गानं त्या एका बैलासाठी केल्यालं. तर चौथं कडवं झालं, बुवांनी 'जी जी रं जी' केलं, बासरी केकाटली आनि गानं संपलं. बैल आलाच न्हाई. नुसत्या बढाया ऱ्हायल्या. बुवाला त्या शोभूनबी दिसत्यात म्हना.

"खाली काय लिवलंय?" म्या इचारलं.

बनाबाईनं डोळं बारीक करून वाचलं. "गायक सोमेश्वर. संगीत अमृत. गीत... पारंपरिक."

"म्हंजी?"

"म्हंजी जुनंपानं. कुनी केलं त्याचा पत्ता न्हाई असं."

माज्या अंगाचा नुसता जाळ झाला. ह्या अंगनात केल्यालं गानं, आनि म्हनं पत्ता न्हाई! रागाच्या खाली रडूबी व्हतं, पन ते म्या बनाबाईला दावलं न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी यष्टी धरली, नसरापूरला उतरले, तितनं वडापच्या जीपनं शिवऱ्याला.

बुवा झोपाळ्यावर बसल्यालं. घरातबी फेटा. मला वाटलं आता झोपतानाबी बांदत असतील. "या वहिनी," म्हनालं, "ऐकलं का गानं?"

"ऐकलं. बैल कुठं गेला भावजी?"

हसलं. ते हसनं मला ठावं हाय, बिदागी वाटताना असंच हसायचं. "वहिनी, मोबाईलवर चार मिन्टाच्या पुढं कोन ऐकत न्हाई. पोरं म्हनली शेवट कापाया लागंल."

"मग ते जी जी कापायचं. आठ येळा हाय ते, म्या मोजलंय. जी जी बिगर काय अडलं असतं का गाडीवानाचं?"

तवर आतनं नातसून आली, सुप्रिया. मोबाईलवरचं समदं काम तीच बगती. पुन्याची पोर, गुनी हाय, माज्या पाया पडली, मग आत बगून वरडली, "अमृत, ए अमृत, चार्जर कुठे टाकलास?" नवऱ्याला. शेरडाला हाक मारावी तशी. चालायचंच, म्हनलं, आता तसंच हाय. चा आला. म्या तिला सरळ सांगितलं की ही गानी आमच्या धन्याची, आनि तुमी खाली भलतंच लिवलंय.

ती पोर बगतच ऱ्हायली. "पण आजी, आजोबाच म्हणाले की कवी माहीत नाही. म्हणून तर पारंपरिक लिहिलं."

म्या बुवांकडं बगितलं. बुवा बशीत चा वतत व्हतं. साखर इरघळल्याली व्हती तरी कपात चमचा फिरवला, परत वतला. माज्या ओसरीवर बसून ज्याचं गानं पाठ केलं, त्योच कवी ह्यांना माहीत न्हाई. चाळीस वर्सं दर जत्रेत शेवटच्या कडव्याला ह्या मानसानं ते नाव घेतलं, वरच्या पट्टीत घेतलं, आनि पोरांनी इचारल्यावर म्हनं माहीत न्हाई. लाज कोळून प्याल्यालं मानूस.

सुप्रियानं मोबाईल काढला. "आजी, कापलेलं आता परत घालता येणार नाही, पण गीतकाराचं नाव टाकता येतं. सगळ्या गाण्यांना टाकते, रविवारच्या आत. सांगा, काय नाव?"

आनि म्या गप झाले.

आता तुमाला हसाया येईल. पन आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाई. उखान्यात घेतलं असंल दोन-चारदा, तेबी मान खाली घालून. तसं साधं, सरळ, कदीच न्हाई. बाया कापनीला हेच गानं म्हनायच्या, तवा त्या नावापाशी आल्या की म्या तेवढी गप, पुढचा शब्द आला की परत सुरू. तलाठ्याकडं गेलं तर आधार कार्ड पुढं करायचं, इचारलं तर शेजारनीनं सांगायचं.

"आजी? नाव?"

म्या बुवांकडं बगितलं. एक शब्द. त्यांच्या तोंडातला रोजचा शब्द. त्यांनी सांगायचा, पोरीनं लिवायचा, झालं. पन बुवा खाली बगत बसलं, आनि तवा मला कळलं की हे मानूस इसरल्यालं न्हाई. ह्याला पक्कं ठावं हाय की पारूबाई नाव घ्यायची न्हाई. म्या घेनार न्हाई, बुवा सांगनार न्हाईत, आनि गानी समदी 'सोमेश्वर, सोमेश्वर' म्हनून जातील. माज्या रीतीवर ह्यांनी आपला फेटा बांदला व्हता.

पिशवीत कार्ड व्हतं. त्याच्यावर माज्या नावाम्होरं धन्याचं नाव हाय. काढून दिलं असतं तर पोरीनं गुमान वाचून लिवलं असतं. हात पिशवीत गेलाबी. पन मग ते बुवांच्या कानावर पडलं नसतं.

म्या उटले, पदर डोक्यावर घेतला आनि म्हनलं, गायले न्हाई, नुसतं म्हनलं:

"गेनबाची गाडी अडली घाटाच्या वळनी,
बैल म्हने, धनी, आदी पाजा मला पानी."

सुप्रिया खुदकन हसली. बैलाला हसली. सा वर्सांनी कुनीतरी हसलं त्या कडव्याला.

बुवांच्या हातातली बशी तिरकी झाली, चा धोतरावर सांडला. "वहिनी," म्हनालं, "नाव घेतलंत?"

"तुमी घेतलं असतं तर मला घ्यावं लागलं नसतं, भावजी."

सुप्रिया काय समजली न समजली, अंगठ्यानं लिवत व्हती. "गेनबा. बरं. आणि आडनाव?"

"ते तुज्या आजोबांना इचार," म्या म्हनलं, आनि बुवांच्या म्होरं पाय रवून उबी ऱ्हायले, ते सांगंपतूर.