अठ्ठावीसची हवा

टायरात हवा किती भरायची, यावरून नवराबायकोने एकमेकांपासून लपवाछपवी केल्याचं कुणी ऐकलंय? वर्सोव्याच्या सिद्धेश आणि जान्हवीने ती केली, आणि तीही अगदी मन लावून.

सिद्धेशची माउंटन बाइक ट्यूबलेस होती. म्हणजे आत ट्यूब नाहीच. टायर रिमला घट्ट धरून बसतो आणि हवा कोंडून ठेवतो. हवा जास्त झाली तर सायकल दगडांवर चेंडूसारखी उडते, फार कमी झाली तर वळणावर टायर रिम सोडतो. मधला आकडा ज्याचा त्याचा, आणि तो मुख्यतः बसणाऱ्याच्या वजनावर ठरतो. सिद्धेशचा आकडा अठ्ठावीस पीएसआय. बरोबरीचे सायकलवाले त्याला हाकसुद्धा 'ए अठ्ठावीस' अशी मारायचे, आणि स्वारीला त्याचा काय तो अभिमान!

मग त्याला टीबीने गाठलं. औषधं पुरी झाली, आता खुशाल सायकल चालवा असं डॉक्टर म्हणाले, पण गडी निम्मा उरला होता. जान्हवी वर्सोव्याच्या कोळ्यांची पोर. लहानपणी आई सगुणाबरोबर बंदरावर मासळीच्या पाट्या उचललेल्या, त्यामुळे हातात घेतलं की तिला वजन कळायचं. आजारपणात सिद्धेशच्या काखेत हात घालून त्याला उठवतानाही ते कळायचं, दर वेळी आधीपेक्षा कमी. घरातला वजनकाटा तिने माळ्यावर टाकला आणि सेल संपलेत म्हणून सांगितलं. सिद्धेशनेही नवे सेल कधी आणले नाहीत.

एका शनिवारी तो म्हणाला, "उद्या मढला जाऊ. मागच्या खडकाळ वाटेने एक फेरी मारतो. झेपलं तर ठीक, नाहीतर सायकल आमच्या ग्रुपमधल्या सौरभला देऊन टाकतो. तो केव्हाचा मागतोय."

"देऊन टाकतो काय? आणि हवा किती ठेवणार?"

"किती म्हणजे? अठ्ठावीस!" तो असा काही बघत होता की जान्हवीने पुढचं गिळून टाकलं. बाबा रे, तू आता अठ्ठावीसचा राहिला नाहीस, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? पण एवढ्या कडक टायरवर हा दगडावरून उडाला, तर परत सायकलला हात लावणार नाही, हेही तिला दिसत होतं.

सकाळी तो अंघोळीला गेला तशी ती व्हरांड्यात आली. पुढच्या टायरचं टोपण काढलं, व्हॉल्व्ह दाबला, फुस्स. मग मागच्या. हवा मोजायचं यंत्र सिद्धेशच्या बॅगेत होतं, म्हणून अंदाजानेच काढली. अंगठ्याने दाबून बघितलं तर टायर जरा जास्तच मऊ लागला. पण आपल्याला काय कळतंय त्यातलं, असं म्हणून तिने टोपणं लावून टाकली.

सायकली बोटीवर चढवून दोघं मढला उतरले. जान्हवी आपल्या साध्या सायकलवर मागून येत होती. सिद्धेशचे पाय पहिल्याच चढावर जड पडले. कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी सायकल चालत होती.

"दमलो गं," तो थांबून म्हणाला. "एवढ्याशा चढाला मी कधी दमलो होतो?"

जान्हवीचा चेहरा उतरला. औषधं संपली तरी आजार आत बसलाय की काय, असं तिच्या मनात आलंच.

समुद्राच्या बाजूला पहिलं खडकाळ वळण आलं. सिद्धेशने सायकल आत घातली, मागचा टायर रिम सोडून भस्सकन बोलला, भोकं बुजवायला आत घातलेलं दुधासारखं पांढरं पाणी खडकावर उडालं आणि हा बाजूच्या वाळूत बसकण मारून मोकळा. लागलं काहीच नव्हतं. पण तो उठेना.

"सौरभला फोन लाव," तो म्हणाला.

"अरे, टायर आहे तो! तुला काय झालंय?"

"मलाच झालंय, जान्हवी. नीट हिशोब करून हवा भरली होती. तोही चुकला. आता मला माझा स्वतःचा अंदाज येत नाही."

एवढं ऐकल्यावर जान्हवीला राहवलं नाही. "सिद्धेश, हवा मी काढली. सकाळी, तू अंघोळीला गेलास तेव्हा."

"काय?"

"अठ्ठावीस तुला जड झाली असती रे. तुझं वजन... तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "अगं बये! मी बावीसच भरली होती!"

"बावीस? तू तर म्हणालास—"

"तुझ्यासमोर म्हणालो! तुला कळू नये म्हणून. तुझ्या आईच्या काट्यावर जाऊन उभा राहिलो, बंदरावर, मासळीच्या. बर्फासकट तोलू की बर्फाशिवाय, असं विचारलं त्यांनी."

"आणि आई मला एका शब्दाने बोलली नाही?"

"शपथ घातली होती. तू रडली असतीस."

"रडायचं बाकी काय ठेवलंयस?" जान्हवी म्हणाली आणि खरंच रडायला लागली. "या हातांनी उचललंय तुला. मला नाही कळणार?"

सिद्धेशने तिचे दोन्ही हात धरले. त्याचेही डोळे भरले होते, आणि तेवढ्यात त्याला हसू फुटलं. टायरची वाट लागली ती दोघांच्या शहाणपणाने. तो दमला होता, तोही निम्मा त्या मऊ टायरमुळेच. हे जान्हवीच्या लक्षात आलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

सिद्धेशने टायर दाबून परत रिममध्ये बसवला, मग तिने हातपंप घेतला. तो हवा मोजायचं यंत्र धरून बसला.

"बस, बावीस झाले."

ती पंप मारतच राहिली.

"अगं, बावीस!"

"गप रे. आमच्यात तोलून झालं की गिऱ्हाइकाला वर थोडं घालतात."

चोवीस झाल्यावर ती थांबली. "दोन जास्त झाले," तो म्हणाला. "माझ्या वजनाला नाही चालणार."

"आजच्या नाही चालणार. तू भरणारेस ना परत?"

टोपण सिद्धेशने स्वतः लावलं, मग पुढच्या टायरातही तिला वर थोडं घालू दिलं, आणि सायकलवर बसला. वळण पार पडलं. पुढच्या दगडांवर सायकल टणाटण उडायला लागली.

"हवा जास्त झालीय गं!" तो पुढून ओरडला.

"मग जेव नीट!" जान्हवी ओरडली, आणि सायकलवर टांग मारून त्याच्या मागे निघाली.