चाळीस मिनिटांची नोंद

"भागवतभाऊ, आज तरी ते मशीन अडकन ना?" केसपेपर टाइप करणाऱ्या साधनाने सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं.

वीस वर्षं मी संगणक दुरुस्त करतोय. मशीन बिघडावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. दुसरा मीच.

आमच्या रुग्णालयाच्या सर्व्हरमध्ये आणखी एक छोटा संगणक आहे, सर्व्हिस प्रोसेसर. मोठा अडकला की हा त्याला पुन्हा चालू करतो. त्याआधी बिघाडाची सगळी नोंद, म्हणजे डम्प, काढून ठेवतो. त्याला चाळीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ केसपेपरच्या रांगेतले लोक माझा उद्धार करायचे. म्हणून गेल्या दिवाळीत मी डम्प बंद करून टाकला. मशीन अडकायचं आणि तीन मिनिटांत उठायचं. सगळे खूश, मी शहाणा.

उठताना ते शेवटच्या काही ओळी गिळत असणार, हे मला फार उशिरा सुचलं. महिन्यापूर्वी आसेगावचे जगदेवबाबा आले. कोणतं इंजेक्शन त्यांना सोसत नाही, हे साधनाने आदल्या दिवशी टाइप केलं होतं. स्क्रीनवर ती ओळ नव्हती. बाबा घरी परतलेच नाहीत, आणि नोंद साधनानेच केली नाही असं ठरलं. आज चार वाजता तिची चौकशी होती. कंत्राटी पोरगी, तिची बाजू कोण घेणार? पुरावा तर मीच पुसला होता. सकाळी मी सेटिंग बदललं. आधी डम्प, मग रीसेट; मशीन ओळी गिळतं, हे त्या डम्पमध्ये दिसलं असतं. आता मशीन चारच्या आत अडकायला हवं होतं.

तीनला दहा कमी असताना स्क्रीन गोठली. सर्व्हरचे पंखे घोंघावू लागले आणि टक्क्यांचा आकडा सरकू लागला. मी हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

"साडेतीनले पुरावा तुह्या हातात," मी म्हणालो.

साठ टक्क्यांवर डॉक्टर ज्योत्स्ना मॅडम दारात आल्या. "इंझोरीच्या कस्तुराबाईची मशीनमधली जुनी नोंद पाह्यजे. धाप लागली तिले, इंजेक्शन द्या लागते. सुनेले काहीच माहीत नाही."

"सोळा मिनिटं, मॅडम."

"ते थांबन काय?"

साधना उठली. "कोणतं बटन, भाऊ?"

"आता बंद केलं तं सगळं जाईन. तुही नोकरी..."

"जगदेवबाबाच्या वक्ती बी ओळच नव्हती. बटन सांगा."

मी बोट दाखवलं. तिने स्वतःच दाबलं. चार मिनिटांनी तिने कस्तुराबाईची ओळ मोठ्याने वाचली आणि मॅडम हातातली इंजेक्शनची बाटली बदलायला धावत गेल्या.

चारपर्यंत मशीन पुन्हा अडकलं नाही. चौकशीत मी माझी चूक लिहून दिली, सही केली. साहेबांनी कागद फाइलला लावला. "पण नोंद केली होती, याचा पुरावा?" उद्यापासून येऊ नका, असं त्यांनी तिला सांगितलं.

ती परत खुर्चीवर येऊन बसली. रांगेत अकरा माणसं होती. प्रत्येकाची ओळ टाइप झाली की ती कागदावरही उतरवायची आणि त्याच्या हातात द्यायची.

"हा घरी जपून ठेवजा. मशीनचा भरवसा नाही."

मी शेजारी बसून तिला कोरे कागद देत राहिलो.