टिपकुलीची दुसरी साक्ष

शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे काटेकाका म्हणत. ते आडनाव नव्हतं, स्वभाव होता. कोशात शब्द घ्यायचा तर दोन साक्षी हव्यात, त्याही एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या, असा कचेरीचा नियम. तो पाळताना काटेकाका कुणाच्या बापाचं ऐकत नसत. एकदा खुद्द संपादकांच्या आईचा शब्द त्यांनी परत पाठवला होता. संपादक आठवडाभर तोंड फुगवून बसले, पण शब्द काही आत आला नाही.

तेच काटेकाका आज खिडकीकडे पाठ करून खोटी साक्ष लिहायला बसले होते.

'ट'ची पानं पाच वाजता छापखान्यात जायची होती. एकतीस वर्षं खणात जपलेलं कार्ड समोर होतं. शब्द: टिपकुली. अर्थ: काटेरी झुडपाचं आंबट, लालभडक, वाटाण्याएवढं फळ. पहिली साक्ष त्यांची स्वतःची. दुसरी आणणार कुठून? हा शब्द त्यांच्या माहितीत दोनच माणसांच्या तोंडी होता, आणि त्यातलं एक साठ वर्षांपूर्वी गेलं.

ताई तेव्हा आठ वर्षांची होती, ते पाच. दगडखाणीच्या भिंतीमागे फळं तोडताना तिच्या बोटात काटा गेला. रक्ताचा टिपका वर आला, शेजारी चिमटीत फळ. दोन्ही हुबेहूब सारखी. "ही बघ टिपकुली!" ती खिदळली. झालं, नाव पडलं.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी टिपकुल्यांसाठी भोकाड पसरलं. "रडू नको रे, आत्ता आणते," म्हणून ती गेली, ती गेलीच. खाणीच्या काठावर तिची एक चप्पल सापडली. घरात पुन्हा कुणी तिचं नाव काढलं नाही. फोटो एकही नव्हता. तिचा म्हणून उरला होता तो एवढा शब्दच, आणि आज तोही कोशाबाहेर राहिला तर ती नव्हतीच असं होणार होतं. त्यांना ते सहन होईना.

"फळवाली, वय साठ," त्यांनी कोऱ्या कार्डावर लिहिलं.

"काका, तुमच्या त्या प्रश्नाला उत्तर आलंय बरं का," टपालाच्या बाई म्हणाल्या आणि एक कार्ड टेबलावर ठेवून गेल्या.

आंबट लाल फळाला तुमच्याकडे काय म्हणतात, हा प्रश्न काटेकाका दरवर्षी दूरदूरच्या शाळांना पाठवत. स्वतःचा शब्द त्यात कधी लिहीत नसत. साक्ष शिकवून घ्यायची नसते.

कार्ड एका शिक्षिकेचं होतं.

"टिपकुली. आमची शाळा जुन्या खाणीजवळ आहे. मोठ्यांपैकी कुणालाच हा शब्द ठाऊक नाही, फक्त मुलं बोलतात. कुणी शिकवला विचारलं, तर म्हणतात, भिंतीमागच्या मुलीनं. तिच्या एकाच पायात चप्पल असते म्हणे. तिथे वस्ती नाही, मी स्वतः जाऊन पाहिलं. ती ओंजळभर फळं धरून उभी असते, पण कुणाला देत नाही. भावासाठी आहेत म्हणते. आणि ज्याला त्याला विचारते, तो रडायचा थांबला का?"

काटेकाकांच्या अंगावर सर्रकन काटा आला. भर दुपारी पंख्याखाली ते गारठून बसले. मग त्यांनी फळवालीचं कार्ड फाडून टोपलीत टाकलं आणि शिक्षिकेचं कार्ड मूळ कार्डाला टाचलं. मुलं त्यांना ओळखत नव्हती. नियम पाळला गेला होता. 'मूळ' या रिकाम्या रकान्यात त्यांनी लिहिलं: ताई.

मग उत्तराचं कार्ड घेतलं.

"बाई, मुलांकडून तिला निरोप द्या. थांबला म्हणावं, केव्हाच थांबला. आता तूही घरी जा."

डोळ्यांतलं पाणी नेमकं 'थांबला'वर पडलं आणि शाई पसरली. काटेकाकांनी ते टिपून घेतलं, आणि तो शब्द पुन्हा ठळक गिरवला.