मानेवरची रिकामी जागा

मी बोलतोय. कुमासी शहरात, ताफोच्या दफनभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर शोकपत्रकं छापण्याचं एक दुकान आहे, त्या दुकानातला पिवळा पडलेला, जाडजूड कॉम्प्युटर. उद्या सोमवारी सकाळी माझ्यात नवी ऑपरेटिंग सिस्टीम घालणार आहेत. त्यानंतर मला काय आठवेल ते ठाऊक नाही, म्हणून आजच सांगून टाकतो.

माझा जन्म थंडीच्या देशातला. तिथल्या एका कचेरीत चार वर्षं पत्रं लिहिली. मग मला जुना ठरवून बोटीत चढवलं. बंदरावरच्या ढिगातून या दुकानाच्या मालकाने, अमोआतेंगने मला उचललं, चालू केलं, माझ्या पंख्याला कान लावला आणि म्हणाला, "कुरकुरतोय म्हणजे जीव आहे." तेव्हापासून मी इथलाच.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचा मोठा रंगीत फोटो भिंतीभिंतीवर लागतो. खाली मुलं, भावंडं, नातवंडं, सगळ्यांची नावं मानाच्या क्रमाने. एखादं नाव राहून गेलं तर ते घर पुढची दहा वर्षं तुमच्याशी बोलत नाही. आणि फोटोतला माणूस केंटे पांघरून बसलेला हवा. केंटे म्हणजे आमचं मानाचं वस्त्र. पण ज्याला जन्मात कधी केंटे मिळालंच नाही, त्याने काय करायचं?

एकदा ताडी काढणाऱ्या म्हाताऱ्याची मुलगी आली. फोटो एकच, तोही फाटक्या बनियनमधला. अमोआतेंग उठला. मामाकडून केंटे मागून आणलं, अंगावर घेतलं, खुर्चीत बसला आणि बायकोला म्हणाला, "काढ फोटो." मग माझ्यात त्याने स्वतःचं डोकं बाजूला केलं आणि त्या मानेवर म्हाताऱ्याचं डोकं ठेवलं. मुलगी बघतच राहिली. "बाबा इतके देखणे होते?" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

ती फाइल तशीच राहिली. अंग अमोआतेंगचं, मान रिकामी. पुढे हमाल, सुतार, चौकीदार, ज्याच्याकडे धड फोटो नाही तो प्रत्येक जण त्या अंगावर बसून मानाने गेला. अमोआतेंगच्या डाव्या हाताची करंगळी लहानपणी कोयता लागून वाकडी झालेली. त्यामुळे ताफोतल्या कितीतरी मेलेल्यांची करंगळी वाकडी. लोक चिडवायचे, "अरे, अजून किती वेळा मरशील?" तो म्हणायचा, "माझी पाळी येईपर्यंत हात तर बसायला हवा."

पाळी आली चार वर्षांपूर्वी. त्याची बायको बोआहेमा माझ्यासमोर बसली आणि त्या मानेवर प्रथमच त्याचं डोकं ठेवलं. एरवी मान जुळवायला तासभर लागतो. त्या दिवशी काहीच करावं लागलं नाही. मला फार वाईट वाटलं. तो फोटो अजून माझ्या वरच्या भिंतीवर चौकटीत आहे.

दुकान बोआहेमाने चालू ठेवलं. तेव्हापासून एकच नियम: त्या फाइलला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तिच्या मुलीनेसुद्धा नाही.

गेलं वर्षभर रोज सकाळी माझ्या पडद्यावर एक पाटी येते. ही सिस्टीम जुनी झाली, नवी घ्या. खाली दोन बटणं, "आत्ता" आणि "नंतर". बोआहेमा चष्मा न लावताच "नंतर" दाबते. माणसांना हे बटण फार प्रिय, असं मी पाहिलंय. गुडघा दाखवणं नंतर, गळकं छप्पर नंतर, रडणंसुद्धा नंतर.

तिची मुलगी सेरवा बँकेत कामाला आहे. ती दर रविवारी हाच विषय काढायची.

"आई, हा कधीतरी एकदम बसेल. मग सगळंच जाईल."

"आणि नवी सिस्टीम घातली तर?"

"तर बाबांचा तो जुना प्रोग्रॅम चालायचा नाही."

"म्हणजे फाइल उघडणार नाही. मग कशाला विचारतेस?"

दोघींचंही खरं होतं. घरात दुःख झालेली माणसं पेनड्राइव्ह घेऊन येतात, त्यात फोटो एक आणि व्हायरस दहा. माझ्याकडे आता त्यांना अडवायला काही उरलेलं नव्हतं. मी दिवसातून तीनदा गोठायचो. पण बोआहेमाला माझी काळजी नव्हती. ते अंग जाईल, ही तिला भीती होती.

या गुरुवारी बाफोचं काम आलं. बाफो म्हणजे शाळेत चाळीस वर्षं घंटा वाजवणारा शिपाई. त्याच्या घराण्याचे प्रमुख ड्वोमोआजोबा स्वतः आले. फोटो होता नातीच्या लग्नातला, एका बाजूला बघणारा. मी तो पेनड्राइव्ह घेतला आणि जो गोठलो तो उठेचना.

"राहू दे, मी करते," सेरवा म्हणाली. तिने जुन्या छापील पत्रकाचा फोटो काढला, स्वतःच्या नव्या लॅपटॉपमध्ये घेतला. बाफोचा चेहरा उजवीकडे वळलेला, अंग डावीकडे. तिने अंग आरशातल्यासारखं उलटं केलं. चेहरा झकास बसला. एक प्रत छापूनही टाकली.

बोआहेमाने ती हातात घेतली आणि हळूच म्हणाली, "ही करंगळी डाव्या हाताची आहे."

"म्हणजे?"

"तुझ्या बाबांचा हात मी ओळखत नाही होय गं?"

तोवर ड्वोमोआजोबांनी कागद ओढून घेतला होता. कापड उजव्या खांद्यावर, डावा खांदा उघडा. आमच्याकडे केंटे डाव्या खांद्यावरच असतं. उलटं पांघरलेला माणूस चव्हाट्यावर लावायचा म्हणजे घराण्याची शोभा. आजोबा काठी आपटून म्हणाले, "चाळीस वर्षं घंटा कधी चुकली नाही त्याची. आणि जाताना आम्ही त्याला धड कापडही नेसवू नये?"

सेरवाचा चेहरा उतरला. बोआहेमा माझ्यासमोर येऊन बसली. भाजलेलं केळं आणि शेंगदाणे पुढ्यात ठेवले, पण खाल्ले नाहीत. मला बंद केलं, चालू केलं. पुन्हा बंद केलं. "एकदाच," ती मला म्हणाली. "एकदाच उघड."

मी जीव खाऊन उघडली ती फाइल. पाऊण तास लागला. बोआहेमाने अंगाऐवजी बाफोचा चेहराच उलटा केला. बाफो बसला, कापड डाव्या खांद्यावर, करंगळी जागच्या जागी. ड्वोमोआजोबांनी पाहिलं आणि टोपी काढली.

ते गेल्यावर बोआहेमा म्हणाली, "सेरवा, हे अंग यातून बाहेर काढता येतं का? कुठल्याही कॉम्प्युटरला उघडेल असं?"

"केव्हाच काढलं असतं. तू हात कुठे लावू देत होतीस?"

"माझी चूक. मला वाटायचं, फाइल कुलपात आहे तोवर तुझे बाबा माझे आहेत. आज उघडली नसती तर बाफो कापडाविना गेला असता."

सेरवाने विचारलं, "बाबांचं डोकं ठेवून काढू? की रिकामी मान?"

बोआहेमाने भिंतीकडे पाहिलं. "डोकं माझ्या लक्षात आहे," ती म्हणाली. "रिकामी जागा ठेव. ती लोकांना लागते."

आज रविवार. ते अंग सेरवाच्या लॅपटॉपमध्ये आणि दोन पेनड्राइव्हवर सुखरूप आहे. मघाशी पाटी आली, तेव्हा बोआहेमाने चष्मा लावून ती पहिल्यांदा पूर्ण वाचली.

"त्याला दुखणार नाही ना?" तिने विचारलं.

"आई, यंत्र आहे ते."

"मी विचारलं तेवढं सांग."

"नाही दुखणार," सेरवा म्हणाली आणि तिने आईचा हात धरला. जाता जाता बोआहेमाने माझ्यावरची धूळ स्वतःच्या पदराने पुसली.

नाही दुखत, बोआहेमा. फक्त उद्या मी जागा होईन तेव्हा कदाचित तुलाही ओळखणार नाही. रागावू नकोस. मला आधी ते अंग दाखव आणि सांग, कापड डाव्या खांद्यावर, वाकडी करंगळी डाव्या हाताला. एवढं पहिलं शिकवलंस की बाकी मी शिकेन. आणि मी कुरकुरलो, तर जीव आहे असं समज.