टोचू नये

ज्ञानेश्वरीच्या डोक्याला बधिर करायची इंजेक्शनं देऊन झाली, तेव्हा कुठे केस उगवण्यासाठीच्या स्टेम सेलच्या औषधाचा डबा क्लिनिकमध्ये पोचला. कुरियरची गाडी हायवेवर हातखंब्याला तासभर अडकली होती. एरवी डॉक्टर सुर्वे स्वतः डबा उघडून औषध सिरिंजमध्ये भरून ठेवायचे. आज घाईत त्यांनी तो तेजलच्या हातात दिला. "भर लवकर. बधिरपणा उतरायच्या आत व्हायला हवं."

तेजल चार महिन्यांपासून इथे नर्स होती. तिने डब्यातली बोटभर बाटली उजेडात धरली. लेबलावर इंग्रजीत बारीक अक्षरं होती. फक्त त्वचेवर लावण्यासाठी. टोचू नये.

तिने पुन्हा वाचलं. मग खुर्चीकडे पाहिलं.

ज्ञानेश्वरी लांज्याकडच्या एका गावात शाळेत शिकवायची. वर्षभरापूर्वी डोक्यावर केस जाऊन रुपयाएवढी चाई पडली, मग दुसरी, मग कानामागे तिसरी. वर्गात ती स्कार्फ बांधून उभी राहायची. आज तो मांडीवर होता आणि तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"सर, जरा बाहेर येता?" तेजल म्हणाली.

"इथेच बोल."

"यावर टोचू नये असं लिहिलंय."

डॉक्टर हसले. "कंपन्या लिहितातच तसं. मुंबईत सगळे टोचतात. दे इकडे."

तेजलने बाटली दिली नाही. मूठ आवळली.

"काय झालं?" ज्ञानेश्वरीने विचारलं.

"काही नाही मॅडम. दोन मिनिटं," डॉक्टर म्हणाले.

"ताई, हे औषध टोचायचं नाहीये," तेजल बोलून गेली. "वरून लावायचं आहे. आत गेलं तर काय होईल, मला माहीत नाही. यात खरंच स्टेम सेल आहेत का, तेही माहीत नाही."

तेजलला वाटलं, आता ही बाई उठून जाईल. पण ज्ञानेश्वरीचा चेहरा लाल झाला आणि राग तेजलवरच निघाला.

"तुम्हाला काय जातंय बोलायला? तुमची वेणी बघा केवढी आहे! पोरं मला हसतात. डॉक्टर, टोचा तुम्ही. माझी तयारी आहे."

"ऐकलंस?" डॉक्टरांनी हात पुढे केला. "बाटली ठेव आणि घरी जा. उद्यापासून येऊ नकोस."

नोकरी गेलीच होती. तिने बाटली ट्रेमध्ये ठेवली, पण लेबल ज्ञानेश्वरीच्या बाजूला वळवून. "एवढं वाचा. मग मी जाते."

ज्ञानेश्वरीने बाटली उचलली. ओठ हलवत तिने दोनदा वाचलं. तोवर डॉक्टर सिरिंजचं पाकीट फोडत होते.

"डॉक्टर, एक करा," ती सावकाश म्हणाली. "हे टोचलेलं चालतं, असं मला लिहून द्या. खाली सही करा."

"मॅडम, विश्वास नसेल तर..."

"विश्वास आहे. म्हणूनच लिहून मागते."

डॉक्टरांनी पेनाला हातसुद्धा लावला नाही. "बधिरपणा उतरतोय," एवढंच म्हणाले.

ती उठली. गळ्याभोवती बांधलेला क्लिनिकचा कपडा तिने स्वतःच सोडला आणि बाटलीचा फोटो काढला. डॉक्टर "फोटो नाही" म्हणेपर्यंत मोबाइल पर्समध्ये गेला होता.

दोघी एकामागून एक जिना उतरल्या. खाली आल्यावर ज्ञानेश्वरी भिंतीला टेकली आणि रडू लागली. "हा शेवटचा उपाय होता माझा. तोही घालवलात."

"शेवटचा नाही," तेजल म्हणाली. "पण चाईच्या जागी केस येतीलच, असंही मी सांगणार नाही. सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टर आहेत. सोमवारी मी येते सोबत."

"तुमची नोकरी गेली ना?"

"गेली."

ज्ञानेश्वरीने स्कार्फ बांधला. राग पुरता गेला नव्हता.

"किती वाजता येऊ?" तिने विचारलं.